हजार यार्डांच्या नेमबाजीसाठी स्कोप कसा निवडावा

एक हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. अमेरिकेतील एफ-क्लास (पोटावर झोपून, रायफल टेकवून खेळायच्या लांब पल्ल्याच्या) स्पर्धांमध्ये एवढ्या अंतरावरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १० इंच व्यासाचे असते, आणि समान गुण झाल्यास क्रम ठरवणारे आतले एक्स वर्तुळ केवळ ५ इंचांचे असते. कोनाच्या मापात (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) बाहेरचे वर्तुळ साधारण एका मिनिटाचे आणि आतले अर्ध्या मिनिटाचे भरते. हे वर्तुळ स्पष्ट दिसणे ही स्कोपकडून, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीकडून, असलेली एक अपेक्षा झाली. तापलेल्या हवेतून एकामागून एक गोळ्या सुटत असताना, प्रत्येक धक्क्यानंतर नेमबिंदू जिथे होता तिथेच राहणे ही दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची अपेक्षा आहे. नवे नेमबाज बहुतेक वेळा पहिलीसाठी पैसे मोजतात आणि दुसरी तपासतही नाहीत. या लेखातील क्रम त्यामुळेच नेहमीपेक्षा वेगळा आहे: किती पट मोठे दिसते हा प्रश्न बराच नंतर येईल.

स्कोप नक्की कोणाला लागतो

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटले की ऑलिम्पिकच्या १० आणि ५० मीटरच्या स्पर्धा आठवतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. ही दोन्ही पदके बारीक छिद्रातून नेम धरणाऱ्या अपर्चर साईटवर मिळालेली आहेत. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १०, ५० आणि ३०० मीटरच्या स्थिर लक्ष्याच्या रायफल स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. त्यामुळे बालेवाडीत किंवा कोल्हापुरात या प्रकारांचा सराव करणाऱ्याने स्कोपवर खर्च करण्याचे कारण नाही.

स्कोपचे खरे घर म्हणजे ३०० ते १००० यार्डांवर, पोटावर झोपून आणि रायफल टेकवून खेळला जाणारा एफ-क्लास. कॅनडाचे नेमबाज जॉर्ज ‘फार्की’ फार्कुहारसन यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. वयानुसार नजर कमी झालेल्या नेमबाजांना अपर्चर साईट दिसेनाशी होते, पण वारा वाचण्याचे त्यांचे कसब तर शाबूत असते. अशा लोकांना खेळात टिकवून ठेवावे ही त्यामागची कल्पना होती. आज या खेळाचे दोन विभाग आहेत. एफ-टी/आर मध्ये फक्त .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर काडतूस आणि दोन पायांचा बायपॉड चालतो, तर एफ-ओपन मध्ये ८ मिलिमीटरपर्यंतचे कोणतेही कॅलिबर आणि जमिनीवर ठेवलेला भक्कम फ्रंट रेस्ट (रायफलीचा पुढचा भाग टेकवायचा आधार) चालतो. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथे हा खेळ चांगला रुजलेला आहे, आणि त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला क्लबच्या मार्गाने त्यात शिरता येते. रायफल व तिचे साहित्य घेण्यापूर्वी आपण राहतो त्या देशाचा परवाना-कायदा नीट वाचावा; भारतात तो शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ हा आहे.

आधी मैदान पाहावे

स्कोपची माहितीपत्रके उघडण्यापूर्वी आपण वर्षभर कुठे नेमबाजी करणार हे लिहून काढावे. इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या बिस्ले येथे १८९० पासून नॅशनल रायफल असोसिएशनचे केंद्र आहे. तेथील सेंच्युरी रेंजवर ६०० यार्डांपर्यंत आणि स्टिकलडाउन रेंजवर १२०० यार्डांपर्यंत नेमबाजी होते. तिथे ढगाळ प्रकाश आणि पाऊस यांच्याशी वारंवार गाठ पडते, म्हणून मंद प्रकाशातील स्पष्टता आणि ओल्या बोटांनाही नीट कळणारे टरेटचे (स्कोपवरच्या नेम जुळवायच्या चकतीचे) क्लिक तेथील नेमबाजाला उपयोगी पडतात. ॲरिझोनातील फिनिक्सच्या बेन ॲव्हेरी रेंजवर वाळवंटी ऊन असते आणि जमिनीवरून उठणारे मृगजळ सकाळ सरता सरता सगळे चित्र हलवून सोडते. तिथे काचेचा दर्जा कसाला लागतो. न्यू मेक्सिकोमधील रॅटनचे व्हिटिंग्टन सेंटर समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेमुळे तिथे गोळी कमी खाली पडते आणि स्कोपवर चढवावी लागणारी मिनिटे कमी होतात. एकच स्कोप या तिन्ही ठिकाणी सारखाच चांगला ठरेल असे नाही.

वजनाचा हिशेब

एफ-टी/आर रायफलीची वजनमर्यादा बायपॉड आणि स्कोप धरून ८.२५ किलो आहे, तर एफ-ओपनची १० किलो. सैनिकी धाटणीच्या मोठ्या स्कोपचे वजन एक किलोच्या वर जाते. नाइटफोर्सचा एटॅकर ७-३५x५६ (७ ते ३५ पट वर्धन, ५६ मिलिमीटरचे पुढचे भिंग) सुमारे १.१ किलोचा आहे, आणि त्याच कंपनीचा लक्ष्यवेधासाठी बनवलेला कॉम्पिटिशन १५-५५x५२ सुमारे ७९० ग्रॅमचा आहे. या दोहोंतले तीनशे ग्रॅम एफ-टी/आर मध्ये रायफलीच्या जड बॅरलसाठी वापरता येतात आणि जड बॅरल स्थिरता देते. म्हणून रायफल, बायपॉड, रेल (स्कोप बसवायची पट्टी) आणि रिंग (स्कोप धरणारी कडी) यांचे वजन करून मगच स्कोपसाठी किती उरते ते पाहावे.

उंचीचा पल्ला: इथे चूक झाली तर पुढचे सगळे व्यर्थ

.३०८ च्या गोळीला १०० यार्डांच्या झिरोपासून (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशा जुळणीपासून) १००० यार्डांपर्यंत पोहोचवण्यासाठी गोळीचे वजन, वेग आणि हवेची घनता यांनुसार साधारण ३० ते ४० मिनिटे एलिव्हेशन (उंचीची दुरुस्ती) चढवावे लागते. माहितीपत्रकात जो एकूण पल्ला दिलेला असतो तो वर आणि खाली असा दोन्हीकडचा मिळून असतो, आणि अनेकांचा घोळ नेमका इथे होतो.

उदाहरणासाठी ५५ मिनिटे पल्ल्याचा स्कोप घेऊ. वर उल्लेख केलेल्या कॉम्पिटिशन स्कोपचा पल्ला एवढाच आहे. स्कोप सपाट रेलवर बसवला आणि १०० यार्डांचा झिरो टरेटच्या मध्यावर आला असे धरले, तर वर चढायला फक्त साडेसत्तावीस मिनिटे उरतात. हजार यार्ड गाठायला ती पुरत नाहीत. आता पुढे उतरत्या, २० मिनिटे कललेल्या रेलवर तोच स्कोप बसवला तर वर साडेसत्तेचाळीस आणि खाली साडेसात मिनिटे मिळतात, म्हणजे १०० चा झिरोही होतो आणि १००० ही गाठता येतात. अधिक सुरक्षित म्हणून कोणी ३० मिनिटांचा रेल सुचवला तर सावध व्हावे. या स्कोपच्या बाबतीत खालची मर्यादा अडीच मिनिटांनी ओलांडली जाईल आणि १०० यार्डांवर झिरो करताच येणार नाही. रायफलीच्या ॲक्शनवरची (बोल्ट असलेल्या मधल्या भागावरची) छिद्रे आणि रिंग यांतल्या बारीक फरकांमुळे प्रत्यक्ष मध्य काही मिनिटे इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे दोन्ही टोकांना पाच-सात मिनिटे शिल्लक राहतील असाच रेल निवडावा.

स्कोपच्या नळीच्या व्यासाचा विचारही इथेच करायचा. ३४ मिलिमीटरच्या नळीत ३० मिलिमीटरपेक्षा आतल्या भिंगनळीला हलायला सहसा जास्त जागा मिळते. ती जागा गोल असते, म्हणून एलिव्हेशन अगदी टोकाला नेले की विंडेजचा (आडव्या दुरुस्तीचा) पल्ला आक्रसतो, आणि चित्राचा दर्जाही काही स्कोपमध्ये उतरतो. १००० यार्डांवर टरेट आपल्या प्रवासाच्या मध्याजवळ असेल अशी मांडणी करता आली तर ती सर्वात उत्तम. जो केवळ ८०० ते १००० यार्डांवरच खेळतो त्याने १०० च्या झिरोचा हट्ट सोडून अधिक कलाचा रेल बिनधास्त वापरावा.

क्लिक

एक मिनिट १००० यार्डांवर १०.४७ इंच भरते. म्हणजे एक चतुर्थांश मिनिटाचा क्लिक तिथे २.६ इंच सरकवतो, एक अष्टमांश मिनिटाचा १.३ इंच, आणि ०.१ मिलरेडियनचा (हे कोनाचे दुसरे माप) ३.६ इंच. पाच इंचांच्या एक्स वर्तुळासाठी ३.६ इंचांची पायरी फार ओबडधोबड आहे. मिलरेडियनचे स्कोप वेगवेगळ्या अंतरांवर भराभर नेम बदलणाऱ्या खेळांसाठी सोयीचे असले, तरी एफ-क्लासच्या लक्ष्यावरची वर्तुळेच मिनिटांच्या मापात आखलेली असल्यामुळे तिथे मिनिटांचा आणि शक्यतो एक अष्टमांश क्लिकचा स्कोप घ्यावा. बारीक क्लिकची एक किंमत असते: ३० मिनिटे चढवताना टरेटचे अनेक फेरे होतात आणि एखादा फेरा चुकण्याची शक्यता वाढते. यासाठी टरेटवर फेऱ्यांच्या रेषा ठळक आहेत की नाहीत आणि झिरोच्या खाली न जाऊ देणारा अटकाव आहे की नाही हे पाहून घ्यावे.

किती पट मोठे दिसावे

आता वर्धनाचा प्रश्न. हजार यार्डांवर ५५ किंवा ६० पट मोठे दिसले की गोळीचे छिद्रही दिसेल अशी अनेकांची समजूत असते. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक गोळीनंतर खंदकातील मंडळी लक्ष्य खाली ओढतात, छिद्रात चकती लावतात आणि लक्ष्य पुन्हा वर करतात. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर गोळी लागलेली जागा पडद्यावर दिसते. छिद्र शोधण्याचे काम स्कोपकडे नसतेच. त्याच्याकडे दोन कामे असतात: वर्तुळाच्या संदर्भात नेमबिंदू अर्ध्या मिनिटापेक्षा बारीक ठेवू देणे आणि हवेची हालचाल दाखवणे.

वर्धन वाढते तेव्हा लक्ष्याबरोबर मृगजळही तेवढ्याच पटींनी वाढते. ५५ पटींवर उकळत्या पाण्यासारखे दिसणारे चित्र ३५ पटींवर आणले की वर्तुळाची कड पुन्हा हाती लागते, आणि मृगजळ कुठल्या दिशेला वाहते आहे हेही कळते. ही दिशा वाऱ्याचा फार विश्वासू पुरावा असतो. आडवे वाहणारे मृगजळ थबकून सरळ वर उकळू लागले की वारा पडला आहे किंवा दिशा पालटण्याच्या बेतात आहे असे समजावे, आणि त्या क्षणी गोळी रोखून धरावी.

प्रकाशाचा हिशेबही वर्धनाला लगाम घालतो. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन. ५२ मिलिमीटरचे भिंग ५५ पटींवर एक मिलिमीटरपेक्षाही कमी झोत देते, तर ३० पटींवर १.७ मिलिमीटर. दिवसा डोळ्याची बाहुली साधारण २ ते ३ मिलिमीटर उघडी असते. झोत एक मिलिमीटरचा झाला की चित्र काळवंडते आणि मान जराशी हलली तरी पूर्ण नाहीसे होते. माझ्या मते ४० पटींवर उत्तम काच असलेला स्कोप ६० पटींवर मध्यम काच असलेल्या स्कोपपेक्षा नेहमीच श्रेष्ठ आहे. वरची मर्यादा कितीही असली तरी खाली १० किंवा १५ पटींपर्यंत येता यावे, म्हणजे भलत्याच लेनवरच्या लक्ष्यावर गोळी मारण्याचा प्रसंग टळतो.

काचेचा दर्जा ओळखण्यासाठी उन्हात पांढऱ्या फलकावरची काळी कड वरच्या वर्धनावर पाहावी. कडेला जांभळी किंवा हिरवी झालर दिसली तर रंगविचलन जास्त आहे. मृगजळावर दोन उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहेत: स्कोपच्या तोंडाशी लावायची लांब सनशेड, आणि तापलेल्या बॅरलवरून उठणारी हवा दृष्टिरेषेत येऊ न देणारी, बॅरलवर ताणलेली पट्टी. महाग काच घेऊन ही पट्टी विसरणारे नेमबाज आपल्याच बॅरलच्या उष्णतेतून लक्ष्य पाहत बसतात.

रेटिकल

रेटिकल म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेषा. अंतर ठाऊक असलेल्या लक्ष्यवेधासाठी दुसऱ्या फोकल प्रतलातील रेटिकल घ्यावे, कारण वर्धन वाढवले तरी त्याच्या रेषा जाड होत नाहीत. मधला ठिपका ०.१२५ मिनिटाचा असेल तर तो १००० यार्डांवर १.३ इंचच झाकतो आणि एक्स वर्तुळ मोकळे राहते. मात्र अशा रेटिकलवरच्या खुणा एकाच ठरावीक वर्धनावर खऱ्या असतात. ४० पटींवर एक मिनिटाची असलेली खूण २० पटींवर दोन मिनिटांची होते. मृगजळामुळे वर्धन कमी केल्यावर हे ध्यानात राहिले नाही तर वाऱ्याची दुरुस्ती चुकते.

ताशी १० मैलांचा आडवा वारा .३०८ च्या गोळीला १००० यार्डांवर साधारण ८ ते १० मिनिटे वाहून नेतो. वारा सतत बदलत असतो, त्यामुळे मूळ वाऱ्याची दुरुस्ती टरेटवर लावून पुढचे चढउतार रेटिकल बाजूला धरून सांभाळण्याची पद्धत बरेच जण वापरतात. त्यासाठी आडव्या रेषेवर एकेक मिनिटाच्या बारीक खुणा हव्यात. खुणांचे दाट जाळे घेऊ नये. ते वर्तुळ झाकते आणि नजर विचलित करते.

पॅरॅलॅक्स

डोके हलले की रेटिकल लक्ष्यावर सरकल्यासारखे दिसते, तो पॅरॅलॅक्स. ज्या स्कोपमध्ये पॅरॅलॅक्स जुळवता येत नाही तो या खेळासाठी विचारातच घेऊ नये. जुळवण्याचा क्रम असा ठेवावा: बोल्ट काढून रायफल रेस्टवर ठेवावी, स्कोप रिकाम्या आकाशाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे करावा, आणि एक-दोन सेकंदांची नजर टाकताच रेटिकल तीक्ष्ण दिसेल इतके डोळ्याकडचे भिंग फिरवावे. सूर्याकडे स्कोप कधीही वळवू नये. हे एकदा झाले की ते भिंग तसेच राहू द्यावे. मग लक्ष्यावर नजर ठेवून, रायफलीला हात न लावता, डोके वरखाली हलवावे. रेटिकल लक्ष्यावर सरकताना दिसले तर ते स्थिर होईपर्यंत स्कोपच्या बाजूची पॅरॅलॅक्सची चकती फिरवावी. चित्र सर्वात तीक्ष्ण दिसण्याची आणि सरकणे थांबण्याची जागा थोडी वेगळी निघाली तर सरकणे थांबण्याची जागा निवडावी. चकतीवर छापलेल्या यार्डांच्या आकड्यांवर विसंबू नये, आणि ऊन वाढल्यावर पुन्हा तपासावे.

कोणते स्कोप पाहावेत

एफ-क्लासमध्ये रुळलेल्या स्कोपमध्ये नाइटफोर्स कॉम्पिटिशन, व्होर्टेक्सचा गोल्डन ईगल १५-६०x५२, जपानच्या डिऑन कंपनीचे मार्च १०-६०x५६, ऑस्ट्रियाचा काहलेस के१०५० आणि त्यांच्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीचा साइटरॉन एस३ १०-५०x६० ही नावे सतत दिसतात. खिसा बेताचा असेल तर साइटरॉनपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. वाचलेल्या पैशांतून गोळ्या घ्याव्यात आणि सराव करावा. जुना स्कोप घेताना त्याची हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का हे निर्मात्याकडे विचारून घ्यावे. नामांकित स्कोपच्या हुबेहूब नकला बाजारात असतात, त्यामुळे अनुक्रमांक पडताळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खरेदीआधी क्लबमधील ज्येष्ठांना विनंती करून त्यांच्या स्कोपमधून भर दुपारी १००० यार्डांचे लक्ष्य पाहावे. दुकानाच्या काचेतून समोरची पाटी पाहून काहीही कळत नाही.

बसवणे

रिंग आणि रेल यांच्यावर काटकसर करू नये. स्क्रू निर्मात्याने दिलेल्या मापानेच टॉर्क रेंचने आवळावेत. रिंगच्या टोपीचे स्क्रू साधारण २ न्यूटन-मीटरच्या आसपास असतात आणि जास्त आवळल्यास स्कोपची नळी चेपते. झोपलेल्या स्थितीत, गाल नेहमीच्या जागी टेकवून, सर्वात जास्त वर्धनावर पूर्ण गोल चित्र दिसेल इतका स्कोप मागेपुढे करावा.

रेटिकलची उभी रेषा ओळंब्याशी जुळवणे हे या टप्प्यातले खरे काम आहे. रायफल केवळ एक अंश तिरकी झाली आणि टरेटवर ३५ मिनिटे चढवलेली असली तर गोळी सुमारे ०.६ मिनिट बाजूला जाते, म्हणजे १००० यार्डांवर सहा इंचांहून अधिक. नेम मध्यावर असूनही ती दहाच्या वर्तुळाबाहेर पडते. म्हणून २५-५० मीटरवर ओळंबा टांगून उभी रेषा त्याच्याशी जुळवावी, त्याच स्थितीत स्कोपच्या नळीवर पाणसळ बसवावी, आणि प्रत्येक गोळीपूर्वी तिच्याकडे पाहण्याची सवय लावावी.

कागदावरची परीक्षा

स्पर्धेला नेण्यापूर्वी स्कोपची उंच लक्ष्यावर परीक्षा घ्यावी. फीतपट्टीने मोजून १०० यार्डांवर चार फूट उंच कागद लावावा, त्यावर ओळंब्याने उभी रेषा आखावी आणि खालच्या ठिपक्यावर तीन गोळ्या माराव्यात. मग टरेटवर ३० मिनिटे चढवून त्याच खालच्या ठिपक्यावर नेम धरून आणखी तीन माराव्यात. दोन्ही गटांच्या मध्यांतील अंतर ३१.४ इंच यायला हवे. अंतर १०० मीटर असेल तर ८७.३ सेंटिमीटर. वरचा गट रेषेपासून बाजूला गेला तर रेटिकल आणि टरेट यांचा मेळ बसलेला नाही. नंतर टरेट अनेकदा वरखाली फिरवून झिरोवर परत आणावा आणि पुन्हा तीन गोळ्या माराव्यात. हा गट पहिल्यावरच पडला पाहिजे. दोन मिनिटे उजवीकडे, दोन वर, दोन डावीकडे, दोन खाली अशी चौकोनी फेरी घेऊन विंडेजही याच रीतीने तपासावे.

या दोन निकालांकडे सारख्या नजरेने पाहू नये. ३० मिनिटांत दोन टक्के तूट आली तर ती १००० यार्डांवर सहा इंचांहून अधिक भरते, पण एफ-क्लासमध्ये गुण मोजण्यापूर्वी चाचणीच्या गोळ्या मिळतात आणि नोंदवहीत आपल्या स्कोपचा खरा आकडा लिहिलेला असला की ती तूट सांभाळता येते. परत न येणाऱ्या झिरोवर मात्र नोंदवहीत उपाय नाही. असे दिसल्यास प्रथम रेल आणि रिंगचे स्क्रू तपासावेत, मग क्लबमधील एखाद्याचा खात्रीचा स्कोप त्याच रायफलीवर चढवून तीच परीक्षा करावी. दोष तेव्हा नाहीसा झाला तर आपला स्कोप निर्मात्याकडे परत पाठवावा आणि सोबत दोन्ही परीक्षांचे कागद, अंतर, गोळीची माहिती आणि गटांची मापे जोडावीत, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला दोष कुठे शोधायचा हे लगेच कळेल.